हळदीच्या मांडवात रॉबर्ट

ओटीपी कोणाला द्यायचा नाही, या विषयावर कळंबच्या आसपास रोहिदासरावांइतक्या अधिकारवाणीने बोलणारा दुसरा माणूस नव्हता. त्यांची उभी नोकरी एसटी स्टँडवर माइकसमोर बसून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. घरात नुसतं "सुनंदा, चहा" म्हणाले तरी चहा कुठल्या फलाटावर लागतोय हे आता कळेल, असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

त्याच आवाजात त्यांनी प्रजासत्ताक दिनी शाळेच्या पटांगणावर सायबर फसवणुकीवर व्याख्यान दिलं होतं. व्याख्यानाला कोणी बोलावलं नव्हतं, पण माइक चालू होता आणि सरपंच यायला उशीर होत होता. शेवटी त्यांनी गावाकडून घोषणाच म्हणून घेतली. हे विचारायचे, "ओटीपी कोणाला द्यायचा?" आणि गाव ओरडायचं, "कोणालाच नाय!" लहानथोर, म्हातारेकोतारे, सगळे. पुढे कितीतरी दिवस ती घोषणा गावात फिरत होती. सुट्टे मागितले की वाणी म्हणायचा, कोणालाच नाय. पोरं पेरू लपवून म्हणायची, कोणालाच नाय. रोहिदासराव ऐकायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. समाजकार्याचं फळ इतक्या लवकर कुणाला दिसतं?

अशा माणसाच्या लॅपटॉपवर, लेकीच्या हळदीच्या दिवशी, भर दुपारी लाल पडदा आला आणि भोंगा वाजायला लागला.

भोंगा म्हणजे साधा नव्हे. कारखान्यात वायू गळल्यावर वाजावा तसा. पडद्यावर इंग्रजीत भली मोठी सूचना होती. कॉम्प्युटरात व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. रोहिदासरावांनी आधी आवाज कमी करायचं बटण दाबलं. मग सगळीच बटणं दाबली. मग माजघरातली गोधडी आणून लॅपटॉपवर टाकली. गोधडीखालून भोंगा म्हशीच्या हंबरण्यासारखा यायला लागला, पण यायचा काही थांबला नाही.

"अहो, काय वाजतंय?" स्वयंपाकघरातून सुनंदाबाईंनी विचारलं.

"अपडेट चाललंय," रोहिदासराव म्हणाले.

"मग हळू आवाजात करा म्हणावं. पाव्हणे झोपलेत."

आता एवढ्या सावध माणसाने असलं काय केलं होतं? तर काहीच नाही. आईचं गाणं शोधलं होतं.

त्यांची आई, सोनुबाई, म्हणजे गावची धवलारीण. लग्नाघरी विधीविधीला धवले म्हणणारी बाई. मांडवाची मेढ रोवण्यापासून वरात निघेपर्यंत जे जे होईल त्याला सोनुबाईचं गाणं लागायचं. नवरदेवाचा घोडा उशिरा आला तर चालेल, पण ती उशिरा आली तर हळद तशीच वाटीत थांबायची. आता मात्र तिचा दम राहिला नव्हता. दोन कडवी म्हटली की खोकला यायचा. आणि अपेक्षाने, म्हणजे नवऱ्या मुलीने, आधीच बजावून ठेवलं होतं, "आजीचा धवला नसेल तर मी पाटावर बसणार नाही."

मार्ग होता. कॉलेजात असताना अपेक्षाने आजीचा हळदीचा अख्खा धवला लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला होता. मागे कोंबडी ओरडते, कोणीतरी तांब्या पाडतं, पण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं. तेवढं एकच, आणि तेही त्या एकाच लॅपटॉपात. रोहिदासराव म्हणाले होते, "जबाबदारी माझी. पेनड्राइव्हमध्ये घेऊन डीजेवाल्याला देतो. तू मेंदी काढ."

ती फाइल काही उघडेना. म्हणून त्यांनी मोबाईलचं इंटरनेट जोडून विचारलं की जुनी फाइल उघडायला काय लागतं. समोर हिरवंगार मोठं बटण आलं. दाबलं. झालं एवढंच.

लेकीला विचारता आलं असतं, हे खरं. पण ज्याने गावाला सायबरचे धडे दिले त्याने मेंदीच्या पाटावर जाऊन, "बाळा, भोंगा बंद कसा करतात गं," असं विचारायचं? तिच्या मैत्रिणींसमोर?

त्यांनी पडद्यावरच्या नंबरला फोन लावला.

इथे रोहिदासरावांवर अन्याय नको. त्यांच्या व्याख्यानातला ठग स्वतः फोन करायचा. इथे तर फोन त्यांनी केला होता. त्यांच्या व्याख्यानातला ठग उद्धट होता. हा तर "सरजी, नमस्कार, मैं रॉबर्ट, अमेरिका से, सीनियर टेक्निकल इंजीनियर" म्हणाला आणि आधी त्यांची तब्येत विचारली. लग्नघरात पहाटेपासून त्यांची तब्येत कोणीच विचारली नव्हती.

"सरजी, घबराइए मत. आपके सिस्टम में बहुत खतरनाक वायरस है. बस, कंप्यूटर बंद मत करना. बंद किया तो सारी फाइलें गईं. फोटो, वीडियो, गाने, सब."

गाने, म्हटल्यावर रोहिदासरावांनी गोधडी नीट सारखी केली.

"गाना है," ते म्हणाले. "माँ का."

"तो बिल्कुल बंद मत करना सरजी. लाइन पर रहिए." आणि रॉबर्टने त्यांना होल्डवर टाकलं. होल्डवर बासरी लागली. भोंगा आणि बासरी एकाच वेळी ऐकत रोहिदासराव गोधडीवर हात ठेवून बसून राहिले, आजारी पोराच्या उशाशी बसावं तसे.

तेवढ्यात खिडकीत भिवाजी उगवला. भिवाजी शेजारी. गावात कुठे काही बिघडलं की तो तिथे सल्ला घेऊन हजर असतो, आणि सल्ला बहुधा तोच असतो.

"तांदळात ठेव," भिवाजी म्हणाला.

"काय?"

"त्याला रं. माझा मोबाईल इहिरीत पडला व्हता, तांदळात ठेवला, दुसऱ्या दिशी चालू. पिंपात टाक."

"तो पाण्यात पडलेला नाही."

"मग काय झालंय?"

हे सांगण्याची सोय नव्हती. "अपडेट," रोहिदासराव म्हणाले.

"अपडेटला पन तांदूळच बरा," भिवाजी म्हणाला आणि ही बातमी मांडवात पोचवायला निघून गेला.

रॉबर्ट परत आला. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, त्यातला नंबर वाचायला लावला, आणि बघता बघता पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. रोहिदासरावांनी हात वर उचलून खात्री केली. हात वर, बाण खाली, चाललाय. सोयीचं होतं म्हणा. अमेरिकेचा इंजिनीअर आपल्या ओसरीवर राबतोय. फक्त त्या अमेरिकेत मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि कोणीतरी "अरे, धनिया ला रे" म्हणत होतं.

आणि लाइट गेली.

लाइट जाणं ही उन्हाळ्यात बातमी नव्हे. पण या लॅपटॉपची बॅटरी कधीच म्हातारी झाली होती. वायर काढली की एक विडी ओढून होईपर्यंत जीव धरायचा, मग डोळे मिटायचा. बंद झाला तर आईचा आवाज गेला, असं रॉबर्ट म्हणालेला. गावात वीज आता एकाच ठिकाणी होती. मांडवात, डीजेच्या जनरेटरवर.

रोहिदासराव धावले. एका हातात उघडा, बोंबलणारा लॅपटॉप, दुसऱ्यात वायर, कानाखांद्यात दाबलेला रॉबर्ट. अंगात नवा पांढरा सदरा आणि पायात एकच चप्पल. ओटीवर पापड सुकत होते, ते त्यांनी ओलांडले असं त्यांचं म्हणणं आहे. पापडांची स्थिती पाहता सुनंदाबाईंचं म्हणणं वेगळं आहे.

मांडवात डीजेवाला कमळ्या त्यांचीच वाट बघत होता. "या काका! आजीचं गानं ना? द्या इकडं." रोहिदासरावांना बोलायला दम मिळायच्या आत त्याने लॅपटॉप टेबलावर घेतला, वीज जोडली, आणि आवाजाची वायर पण जोडली.

भोंगा आता गोधडीखाली नव्हता. तो माणसाएवढ्या चार खोक्यांतून वाजत होता. मांडवाच्या झालरी थरथरल्या. झोपलेले पाहुणे उठून चपला शोधू लागले. शेजारच्या रिसॉर्टातले मुंबईकर पोहण्याच्या कपड्यांत फाटकाशी आले. आणि मांडवातल्या पोरांनी, काय वाजतंय याची चौकशी न करता, नाचायला सुरुवात केली.

"लई भारी सुरवात हाय, काका!" कमळ्या ओरडला. "कुठून उतरवलं?"

"आवाज कमी कर! आवाज!"

कमळ्याने नाराजीने आवाज उतरवला. पोरं म्हणाली, परत लावा. रोहिदासरावांनी टेबलामागे खुर्ची ओढली, सदऱ्याने घाम पुसला आणि चेहऱ्यावर सगळं वेळापत्रकाप्रमाणे चालल्याचा भाव आणला. बाण फिरत होता. मागे भिवाजी आणि चारदोन माणसं उभी राहिली.

"बगा, हात न लावता चालतंय," भिवाजी म्हणाला. "तांदळात ठेवलं काय रं?"

रॉबर्टने आता बँकेचं पान उघडायला सांगितलं. नुसती पडताळणी, सरजी. रोहिदासरावांच्या मनात इथे पाल चुकचुकली. पण समोर त्यांची आई बसली होती. मांडवाच्या कोपऱ्यात, पाय पसरून, हळकुंडांचं सूप मांडीवर घेऊन. तिने एक कडवं म्हणून बघितलं, खोकली, आणि कोणी ऐकलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. रोहिदासरावांनी मान खाली घातली आणि पासवर्ड टाकला.

"बहुत बढ़िया सरजी. अब आपके मोबाइल पर एक सर्वर कोड आएगा. वो बोलिए."

कोड आला नाही. रॉबर्ट म्हणाला, भेजा है. रोहिदासराव म्हणाले, नहीं आया. आणि मग त्यांना आठवलं. बँकेला जो नंबर दिलेला होता ते जुनं सिमकार्ड आता त्यांच्या फोनात नव्हतंच. ते सोनुबाईच्या बटणांच्या फोनात होतं, आणि तो फोन सोनुबाईच्या गळ्यात, सुतळीला बांधलेल्या कापडी पिशवीत.

ते उठून आईजवळ गेले. शक्य तितक्या सहजपणे, हळकुंडं बघायला आल्यासारखे.

"आई, फोन वाजला का तुझा?"

"वाजला की. टुंग झालं."

"मग?"

"मंग काय? घालवला."

सोनुबाईला वाचता येत नव्हतं. कधीतरी कोणीतरी तिला सांगितलं होतं की टुंग झालं की कंपनी रिचार्ज मागते, आणि लाल बटण दाबून धरलं की ती जाते. तेव्हापासून टुंग झालं रे झालं की ती बटण दाबायची, उंबऱ्यावरची मांजर हाकलावी तसं.

रोहिदासराव टेबलाशी परतले. रॉबर्टने दुसरा कोड पाठवला. कोपऱ्यात टुंग झालं. रोहिदासराव अर्ध्या मांडवात पोचेपर्यंत सोनुबाईने मान हलवली, "गेला मेला."

"आई, ठेव ना तो!"

"कशाला? आता तर मागितलं व्हतं, परत मागतात. लाज नाय."

तिसऱ्या वेळी रॉबर्टचं अमेरिकन सौजन्य जरा पातळ झालं होतं. "सरजी, आपके घर में कौन है जो कोड खा रहा है?" रोहिदासरावांनी सरळ आईच्या गळ्यातून पिशवी काढून घेतली. ती म्हणाली, "अरं रोह्या, खालापूरवरून तुझ्या मामाचा फोन यायचाय!" ते म्हणाले, "आणतो लगेच." आणि तो फोन मुठीत धरून टेबलाशी येऊन बसले. स्वतःचा मोबाईल, स्पीकर चालू करून, समोर उभा केला. टेकू म्हणून जे हाताला लागलं त्याला टेकवला.

ते जे काही होतं, तो कमळ्याचा माइक होता. आयुष्यभर माइकसमोर बसलेल्या माणसाला समोर माइक आहे हे जाणवत नाही. तो त्याला नाकासारखा असतो. आणि समोर माइक आला की तो चालू करायचा, हे रोहिदासरावांचं बोट त्यांना न विचारता करतं.

टुंग झालं. रोहिदासरावांनी डोळे बारीक करून आकडे बघितले. घसा साफ केला. तो घसा चारी खोक्यांतून साफ झाला आणि मांडव शांत झाला. हळद लागायची वेळ झाली, काहीतरी घोषणा होणार, म्हणून नवरी मुलगी मेंदीचे हात पुढे धरून दारात आली. सुनंदाबाई कढई उतरवून आल्या.

आणि त्या शांततेत रॉबर्टचा संयम सुटला. "अरे सरजी, जल्दी ओटीपी बोलिए ना, ओटीपी!"

चार खोक्यांतून गावभर ऐकू गेलं. ओटीपी.

गाव काय करणार? गावाला शिकवलं होतं तेच गावाने केलं. म्हातारेकोतारे, बाया, पोरं, वाणी, आचारी, सगळे एका दमात ओरडले,

"कोणालाच नाय!"

झालरी परत थरथरल्या. रोहिदासरावांचं तोंड पहिल्या आकड्यासाठी उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं.

"कौन लोग हैं सर?" रॉबर्टने घाबरून विचारलं.

"ग्रामस्थ!" भिवाजीने पुढे वाकून माइकमध्ये सांगितलं.

मग जे हसू फुटलं, ते रोहिदासराव अजून मधूनमधून स्वप्नात ऐकतात. कमळ्या खोक्यावर डोकं टेकून हसला. पोरं "ओटीपी, ओटीपी" म्हणून ताल धरू लागली. रिसॉर्टातल्या मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना हा स्थानिक कार्यक्रम वाटला. अपेक्षा एकदा बापाकडे, एकदा पडद्याकडे बघत पुढे आली आणि तिला क्षणात सगळं समजलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "बंद करा ते."

"बंद करता येत नाही," रोहिदासराव म्हणाले. आवाज स्टँडवरचा नव्हता. "बंद केलं तर जाईल."

"फाइल डिलीट कर दूँगा!" रॉबर्ट ओरडला. बाण पडद्यावर वेड्यासारखा फिरला. "कोड दो, नहीं तो सब डिलीट!"

रोहिदासरावांनी हात जोडले. खरंच जोडले, मोबाईलला. "भाऊ, बाकीचं सगळं घे. तेवढं एक गाणं..."

आणि त्याच वेळी लॅपटॉप मेला.

पडदा काळा. बाण नाही, भोंगा नाही, रॉबर्टचा फोनही कट. टेबलाखालून सोनुबाई कण्हत उठली. तिच्या एका हातात लॅपटॉपची केव्हाच उपटलेली वायर होती आणि दुसऱ्यात मिक्सरची.

"मगापासून बघतेय, सगळी बटनं तुमीच अडवून बसलाय," ती म्हणाली. "हळद कवा वाटायची? नवरी दारात हुबी हाय."

"आई," रोहिदासराव म्हणाले आणि खाली मांडवाच्या सतरंजीवर बसले. "काय केलंस गं! तुझा आवाज गेला."

"माझा? मी बोलतेय नव्हं?"

"गाणं. तुझं गाणं होतं त्यात. अपेक्षाच्या हळदीचं. मी सांभाळणार होतो."

मांडवातलं हसू हळूहळू ओसरलं. सोनुबाईने लेकाकडे बघितलं. नवा सदरा घामाने चिकटलेला, एक पाय अनवाणी. तिने मिक्सरची वायर लावली आणि पहिली मूठभर हळकुंडं भांड्यात टाकली.

"येडा हाय नुसता," ती म्हणाली. "येवढ्यासाठी पळत व्हतास?"

पुढची कामं अपेक्षाने केली. आधी बँकेत फोन करून खातं बंद करायचं. तिच्या दोन्ही हातांवर मेंदी, त्यामुळे फोन सुनंदाबाईंनी धरला आणि आकडे तिने नाकाने दाबले. बँकेतल्या बाईने मराठीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा करत नवरीच्या नाकाला पुरेसा व्यायाम दिला. शेवटी माणूस सापडला, त्याने खातं गोठवलं, काही गेलेलं नाही म्हणाला आणि "घटना कुठे घडली" असं विचारलं. "मांडवात," अपेक्षा म्हणाली. त्याने स्पेलिंग विचारलं. मग सायबरच्या तक्रारीचा फोन झाला, तिथेही तोच प्रश्न आणि तेच स्पेलिंग.

इंटरनेट तोडून, वायर जोडून लॅपटॉप परत चालू केला. तो चालू व्हायला एवढा वेळ घेत होता की तेवढ्यात हळद वाटून झाली. रोहिदासराव पाठ करून बसले होते.

"बाबा," अपेक्षा म्हणाली, "इकडे बघा."

भोंगा नव्हता. लाल पडदा नव्हता. तो नुसता एका पानावरचा देखावा होता, बंद केल्याने गेला. फाइल जिथल्या तिथे होती. रॉबर्टला ती कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. कमळ्याने ती आपल्या मशिनवर घेतली, तिथे उघडली, आणि आधी कोंबडी ओरडली. मग तांब्या पडला. आणि मग सोनुबाईचा आवाज मांडवभर पसरला. दमदार, जरा नाकातला, पाटावर बसलेल्या पोरीला आईबापाची, अंगणातल्या तुळशीची, सासरच्या वाटेची नावं घेऊन हळद लावणारा.

बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. अपेक्षा पाटावर बसली. रोहिदासरावांनी डोळे पुसायला सदरा वर केला, तर त्यावरही कुणाच्या तरी हातची हळद लागलेली होती.

"थांबव," सोनुबाई एकदम म्हणाली. "थांबव रं कमळ्या. ती बाई चुकतेय."

"आजी, ती बाई तुमीच हाय."

"मंग मीच चुकतेय. रोह्याच्या मामाच्या आधी आत्याचं नाव येतंय हितं. खालापूरचा माझा भाव आत्ताच येऊन बसलाय समोर, त्याला काय वाटंल?" आणि तिने हळदीची वाटी हातात घेतली, पाय पसरले, आणि स्वतः सुरू केलं. मामाचं नाव पहिल्यांदा. दम लागला की ती थांबायची आणि कमळ्या मशीन सुरू करायचा, दम आला की ती हात वर करायची आणि कमळ्या मशीन थांबवायचा. असे आळीपाळीने, एक जुनी सोनुबाई आणि एक आत्ताची, दोघींनी मिळून पोरीला हळद लावली.

मध्येच रोहिदासरावांचा फोन वाजला. तोच नंबर. मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. रोहिदासराव उठले. मिशीवरून हात फिरवला, माइक हातात घेतला, फोन उचलला, आणि त्यांचा अस्सल स्टँडवरचा आवाज परत आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुंबई-अमेरिका मार्गे धनिया जाणारी रॉबर्ट यांची गाडी आज रद्द करण्यात आली आहे. पुढील सूचनेपर्यंत लाइन पर रहिए."

आणि त्यांनी फोन डीजेच्या खोक्यासमोर उभा करून ठेवला.

गाणं चालू राहिलं. बायांनी नवरीच्या गालाला, गुडघ्याला, पावलांना हळद लावली, मग सुनंदाबाईंनी आपल्या नवऱ्याच्या गालाला लावली, पापडांचा विषय पुढे ढकलून. कडव्यामागून कडवी गेली. सगळ्यांच्या लक्षातून तो फोन गेला होता. शेवटचं कडवं झाल्यावर भिवाजी तो उचलायला गेला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"रोहिदास, ह्यो अजून हाय. ठेवलेला नाय त्यानं."

सगळे फोनभोवती जमले. फोनमधून काहीच बोलणं येत नव्हतं. फक्त लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"कोन हाय रं?" सोनुबाईने विचारलं.

"तोच आई. भोंगावाला. ऐकतोय."

सोनुबाईने वाटीतली उरलेली हळद बोटाने पुसून घेतली, जरा विचार केला.

"ऐकतोय तर ऐकू दे," ती म्हणाली. "लावा अजून एक. फकस्त त्याला ओटीपी नका देऊ."